कडता

वसमतच्या मोंढ्यात, चौथ्या आडतीवर
मी काट्याशी बसते, पावत्या लिहिते.
पोतं चढतं, आकडा थरथरतो, थांबतो.
त्यातून बारदाना वजा, ओल वजा, माती वजा.
याला कडता म्हणतात.
उरतं ते हळदीचं.

तू कळलंस तेव्हा
लिहावं असं वजनच नव्हतं तुझं.
तिळाएवढं, डॉक्टर तहसीन म्हणाल्या.
मी मनातल्या मनात तीळ काट्यावर ठेवून पाहिला.
आमच्या काट्याला शंभर ग्रॅमच्या खालचं
काहीच दिसत नाही.

पुढच्या खेपेला तुरीचा दाणा,
आणि त्यात काहीतरी लुकलुकत होतं,
लांबच्या आखाड्यावरचा बल्ब
कमी दाबाच्या लाईटीत लुकलुकावा तसं.
अजून हृदय म्हणावं असं हृदय नव्हतं, एक वाकडी नळी,
पण ती कामाला लागली होती
कुणी हजेरी घेत नसताना.

मागच्या साली, अकराव्या आठवड्यात,
आकडा शून्यावर आला होता.
ते कुठंच लिहिलेलं नाही.
म्हणून इथं लिहिते.

यंदा तो आठवडा मी डाव्या कुशीवर काढला.
बाराव्याच्या पहिल्या दिवशी
दोन भाकरी खाल्ल्या, ठेच्यासोबत,
आणि रडले; ठेचा तिखट होता म्हटलं.

घरामागं सासूबाईंची अर्धा एकर हळद,
मृगात लावलेली, म्हणजे तुझ्याच बरोबरीची.
पोळा झाल्यावर त्यांनी एक झाड मातीसकट उपटून
माझ्या पुढ्यात धरलं:
"बघ, मायकंदाला कशी बोटं फुटूलालीत."
तुझी तर केव्हाच सुटी झाली होती.
आधी बदकाच्या पायासारखी जोडलेली,
मग मधली कातडी आपोआप विरलेली.
आता म्हणे त्यांच्या टोकांवर रेषा उमटतात.
माझ्या पावत्यांवर रोज पाच-सहा निळे अंगठे उठतात,
एकासारखा दुसरा नाही.
इतक्या अंधारात
कोण बसून काढतं हे?

सोनोग्राफीच्या दारावर पाटी होती, काय विचारायचं नाही याची.
मी विचारलंही नाही. मी तुला "ते" म्हणते.
पडद्यावर तुझा कणा दिसला,
तुरीची कोवळी शेंग उजेडापुढं धरावी
आणि आतले दाणे ओळीनं मोजता यावेत तसा.

दिवाळीनंतर तुला ऐकू यायला लागलं असावं.
गफूरभाई पोती मोजताना "एक" म्हणत नाहीत,
म्हणतात, "लाभ, दोन, तीन..."
लाभ म्हटलं की तू हलायचंस.
योगायोग असेल. मी मात्र त्या हाळीची वाट बघायचे.

आता माघ. गावभर हळद शिजते,
कढयांची वाफ पदराला, उशीला, पाण्याच्या चवीला.
तू आतलं पाणी गिळतंस, उचक्या देतंस.
मी खाल्लेला शेपू तुझ्यापर्यंत पोचतो
हे कळल्यापासून शेपू कमी केलाय.
डोळे उघडतंस, बघायला काही नसताना.
छाती वर-खाली करतंस, हवा नसताना.
इतका सराव, आणि परीक्षेची तारीखही ठाऊक नाही.

काल रजेआधीचा शेवटचा दिवस.
गफूरभाई म्हणाले, "बसा ताई काट्यावर, बघू द्या किती भरतंय."
चपला काढून चढले. एकाहत्तर किलो चारशे.
मग हमालांत वाद, ताईचा कडता किती धरायचा?
एकानं पाणी धरलं. वार धरायची राहिली, तिसरा म्हणाला,
त्याला चार लेकरं आहेत.
"बारदानाच भारी आहे," मारोती म्हणाला
आणि सगळे हसले, मीही,
आणि हसू थांबल्यावर तू लाथ मारलीस.
मी हललेही नव्हते.
आकडा थरथरला:
तीनशे, पाचशे, चारशे.

पावती फाडली. नाव, गाव, तारीख, वजन.
कडत्याचा रकाना कोरा ठेवला.
मागून कुणीतरी ओरडलं, उतरा ताई,
गाडी खोळंबलीय.