साडेपाच फेरे

वेंडेल प्रुडेन ट्रक घेऊन आला तेव्हा
पारा उणे एकतीस,
आणि पुढच्या दोन्ही दारांना काचेच्या जागी
दुधी प्लास्टिक, चिकटपट्टीचे चार-चार थर.
नव्वद किलोमीटर तो तसाच आला होता,
कानाशी फडफड, पायाशी हीटरची घरघर,
भुवयांवर दंव.

मी काचा बसवते. बावीस वर्षं झाली.
कशी फुटली, हे गिऱ्हाइकाला विचारत नाही.
दार सांगतं.
चोर कोपरा धरतो,
भांडणातला माणूस आरशासकट फोडतो,
खडी उडाली असेल तर लोक उगाच चौकशी करतात
खडीच्या मालकाची.

सात स्क्रू काढायचे, पटाशी घालून
पॅनेल हलकेच उचलायचं.
या थंडीत क्लिपा फुटाण्यासारख्या उडतात,
दोन तर अजून सापडायच्यात.

डाव्या दारात काचेचा चुरा नव्हताच जवळजवळ.
सगळा बाहेर गेलेला.
उजव्या दारात मात्र ओंजळभर, खडीसाखरेसारखा,
आणि त्याखाली गाळ,
करडा, मऊ, नदीचा.
गाळात एक मासा,
करंगळीएवढा, वाळून कडक,
डोळा उघडा.

मी पाना खाली ठेवला.

वेंडेल शेगडीपाशी पाठमोरा उभा होता.
म्हणाला, "नोव्हेंबरात नदीवरून गाडी घालायची नसते.
मला माहीत होतं.
आधी पुढची चाकं गेली, मग नाक.
बटण दाबलं. काच दोन बोटं उतरली
आणि थांबली."
त्याने दोन बोटं वर केली
आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

आपली काच त्याने आतून फोडली,
सीटची उशी उपसून, तिच्या लोखंडी दांड्यांनी.
उजवी बाहेरून फुटली. मेव्हण्याचा साखळीचा हूक.
उजवीकडे कोण बसलं होतं
ते त्याने सांगितलं नाही.

विमेवाल्यांनी ट्रक मेला असं लिहून दिलं.
वेंडेलने सही केली नाही.
शेडमध्ये हीटर लावून दोन महिने वाळवला,
बाळंतिणीची खोली राखावी तसा.

"मोटर नको," तो म्हणाला.
"हाताने फिरवायचा दांडा बसतो का अजून?"

खर्च तेवढाच येईल, त्रास दुप्पट, मी म्हटलं.
तो म्हणाला, "बरं."
म्हणजे हवाच होता.

नेस्टर बाब्युकच्या भंगारात
बर्फाखाली एकसारखेच ट्रक, एकसारखेच उंचवटे.
फावड्याने सहा दारं उघडी केली.
सातवं हिरवं, जंगलखात्याच्या ठेकेदाराचं,
काटकसरीने घेतलेलं, त्यामुळे दांडेवालं.
दोन्ही दारांची आतडी काढली.
नेस्टरने एकाचेच पैसे घेतले.
"कोण मागतं आता हे!"

काचा नव्या. पॅनेलला भोक मी पाडलं.
मोटरच्या मेलेल्या वायरींना टेप गुंडाळून
आतच निजवलं.
बिलात तीन तास लिहिले. लागले सात.

चारच्या सुमाराला एक मोटार थांबली.
आईमागून अकरा वर्षांची जोझेट उतरली,
वेंडेलची भाची,
टोपी कानांवर, हातमोजे दातांत धरून काढलेले.
तिने उजवं दार उघडलं.
आत बसली नाही.
एक पाय वर, एक माझ्या फरशीवर,
ती दांडा फिरवू लागली.
साडेपाच फेरे, काच खाली.
साडेपाच, वर.
पुन्हा खाली.

वेंडेल भिंतीवरचं जुनं कॅलेंडर वाचत राहिला.

"तिसऱ्या फेऱ्याला अडकतंय," ती म्हणाली.
मी खाचेत सिलिकॉन मारलं, रबर पुसलं,
बोल्ट अर्धा आटा सैल केला.
तरी किंचित अडकतच होतं.

"असू दे," ती म्हणाली.
"मोजायला बरं पडतं."