सतरा नंबरची रेघ

आकृतीत एक बाई उभी आहे, तळवे समोर करून,
जसं खरं तर कुणीच कधी उभं राहत नाही.
तिच्या अंगातून बत्तीस रेघा बाहेर ओढायच्या
आणि टोकाशी नाव लिहायचं.
रेघेमागे चाळीस रुपये.

समितीची यादी टाइप होऊन आली :
ग्रीवावक्र. कटिवक्र. यकृतवळण, प्लीहावळण,
म्हणजे मोठं आतडं जिथे दोनदा कोपऱ्यावर वळतं
रविवार कारंजावरच्या रिक्षासारखं, आत कोण बसलंय याची पर्वा न करता.
पुढे पृष्ठकुब्जता. पुढे जानुपृष्ठखात.
इथे माझं पेन थांबलं.
खात म्हणजे खड्डा ना?
गुडघ्यामागे खणून कुणी ठेवलाय, महापालिकेनं?

खाली लोणारींकडे ठकूबाई खोडे येतात,
सुनेचं बाळ न्हाऊ घालायला.
यादी घेऊन जिना उतरले.
त्या मोरीत पाय लांब करून बसलेल्या,
नडग्यांवर बाळ पालथं, तेलानं चकाकणारं.
याला काय म्हणता?
"लवण." बोट फिरलंसुद्धा तिथून.
"ही काख. हे जांघाड. ही बेचकी, बोटाबोटाची.
आणि ही मानेची घडी बघा, दूध ओघळून इथं बसतं, आंबतं.
पोर रडतं, आईला वाटतं भूक."

समितीनं नावं ठेवली सुरी जिथे जाते तिथे.
ठकूबाईंनी, मळ जिथे बसतो तिथे.

आणि कणा?
"अजून कुठला कणा. आत्ता नुसती कोयरी.
मान धरली की एक बाक पडंल,
पायावर उभं राहिलं की दुसरा."
मग?
"मग काय, चालू लागतं."
शेवटी?
त्यांनी तांब्या खाली ठेवला, पाठ माझ्याकडे केली.
लुगड्याखाली पोक. "शेवटी परत कोयरी," म्हणाल्या,
आणि बाळाच्या कानामागे पाणी सोडलं.

त्याच आठवड्यात धरणातून पाणी सोडलं होतं.
क्युसेकचे आकडे बातम्यांत येत होते, ते कुणी ऐकले नाहीत.
गाव एकमेकांना एवढंच विचारत होतं : कुठवर?
दुतोंड्याच्या पोटऱ्या. दुतोंड्याचे गुडघे.
सकाळी दूधवाला ओरडला, कंबर!
आणि भांडी बाजारातल्या लोकांनी पितळ माळ्यावर चढवलं.
मी ते ऐकलं खिडकीतून, हातात कटिवक्र.

उरली सतरा नंबरची रेघ.
कोपराच्या आत, हात मुडपतो ती जागा.
ठकूबाई बाळ पंच्यात गुंडाळत होत्या.
तेवढ्यात विचारलं.
त्या बराच वेळ गप्प. मग,
"तिथं तर डोकं असतं की बाळाचं.
डोकं असल्यावर जागा दिसती कुणाला?
न दिसणाऱ्याला नाव कोण ठेवतं?"
आणि बाळ तिथेच ठेवून, लोबानाच्या धुरातून निघून गेल्या.

यादीत होतं : कूर्परखात.
पेन्सिलनं लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.
कागदाला तेवढ्यापुरती लव आली.
शेवटी रेघ तशीच पाठवली, टोकाशी काही नाही.
परत आली लाल शाईत :
"क्र. १७ रिक्त. चाळीस रु. वजा."

परवा साखर तपासायला गेले, मेनरोडच्या लॅबमध्ये.
मुलगा म्हणाला, मूठ आवळा.
दोन बोटांनी तिथेच चाचपत राहिला, नस सापडेना.
मी विचारलं, या जागेला काय म्हणता तुम्ही?
"या? काय नाय मॅडम, इथे आम्ही टोचतो."
सुई. काचेच्या नळीत काळपट माझं काहीतरी. कापसाचा बोळा.
"आता हात दुमडून धरा. पाच मिनिटं."

बाकावर बसले.
माझ्या या हातात कधी कुणाचं डोकं आलं नाही,
हे तिथे कुणी विचारत नव्हतं.
समोरच्या घड्याळात पाच झाली, मग बारा.
मुलानं दोनदा नाव पुकारलं.
बोळा केव्हाच सुकला होता,
मी तो तोलून धरला होता, हलणार नाही असा.