ङ कशाचा?

मानसिक आरोग्य सप्ताहासाठी पोस्टर हवं होतं,
कॅन्टीनच्या भिंतीवर, चहाच्या मशीनशेजारी.
"डोक्यात गियर नकोत," संहिता मॅडम म्हणाल्या,
"गुडघ्यात तोंड घातलेली बाई तर नकोच.
लोक हसले पाहिजेत,
आणि हसून झाल्यावर बोलले पाहिजेत."
मी हो म्हटलं.
ऐरोलीच्या या काचेच्या इमारतीत
चार वर्षं मी हो म्हणत आलेय,
आणि रोज सकाळी कार्ड टेकवल्यावर
हिरवा दिवा लागेपर्यंत
श्वास धरून उभी असते.

शिक्षण विचाराल तर कमल आर्ट्स,
किसन नगर, ठाणे.
बाबा शटरवर अक्षरं आखायचे,
मी त्यांच्या पोटात रंग भरायचे.
ळ ची दोन्ही पोटं सारखी उतरली
की बाबा नुसती मान हलवायचे.
तेवढीच डिग्री.
इथे त्याला टायपोग्राफी म्हणतात.
मीही म्हणते, जरा घाईघाईत.

त्या रात्री भाची तक्ता वाचत होती.
क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गवताचा, घ घराचा,
मग नाकातल्या नाकात काहीतरी पुटपुटली
आणि थेट चमच्यावर उडी.
मी वाकून पाहिलं.
चौकट होती, अक्षर होतं,
चित्र नव्हतं.
ङ.
ड चे कपडे घालून,
काखेत एक टिंब लपवून
रांगेत उभा. शाळा भरल्यापासून.

पिवळ्यावर काळा, माणसाएवढा काढला त्याला.
टिंबाचा केला घामाचा थेंब.
गळ्यात ओळखपत्र, फोटोची जागा कोरी.
वर लिहिलं: मला चुकून घेतलंय का?
खाली रिकामी चौकट, ङ कशाचा?
आणि सुतळीला बांधलेला मार्कर.

सोमवारी कोणी फिरकलं नाही.
मंगळवारी त्याला मिशा फुटल्या.
बुधवारी: ङ ङोशाचा.
मग कोणीतरी लिहिलं, ङ वाङमयाचा.
त्याखाली लाल पेनाने: पाय मोडायचा राहिला!
त्याखाली, तिरकं:
आधीच घाबरलाय बिचारा,
पाय कशाला मोडताय?

तिथे हसायला चारजण थांबले
आणि थांबलेच.
टेस्टिंगमधली वैजयंती मढवी, गोठिवलीची,
कपाकडे बघत म्हणाली,
मीटिंगमध्ये मी वाक्य आधी मनात इंग्रजीत लावते हो,
लागेपर्यंत विषय संपलेला असतो.
सांडगे सर, एकोणीस वर्षं झालेले,
म्हणाले, प्रमोशनचं पत्र आलं ना,
मी एचआरला फोन करून विचारलं,
नक्की मीच ना?
पुण्याच्या ऑफिसात अजून एक सांडगे आहे.
झीनत मुकादम इतकी हसली
की तिला बसावं लागलं.
बसल्यावर तिने जे सांगितलं
ते तिचं आहे, इथे नको.

मी चहा ढवळत होते.
साखर घातलीच नव्हती.
"कोणी केलंय गं हे? भारीये."
"एजन्सीने केलं असेल," मी म्हटलं.

फोटो बाबांना पाठवला.
त्यांचा आवाज आला, मागे कुकरची शिट्टी:
उभी रेघ डावीकडे ओढलीस जरा.
थेंब झकास.
खाली नाव कुठाय?
बाबा ‘येथे थुंकू नये’च्या खालीही नाव टाकायचे.

सप्ताह संपला, पोस्टर राहिलं.
काढायचं कोणाच्या कामात लिहिलेलं नव्हतं.
तिसऱ्या आठवड्यात मार्कर वाळला.
गुरुवारी पाहते तर सुतळीला हिरवा,
नवा, गाठ कुणाची कोण जाणे.
फरशी नुकती पुसलेली,
खुर्च्या टेबलांवर उलट्या.
मी टोपण काढलं,
खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढा,
क लिहिला.
कमळाचा.
लिफ्टची घंटी वाजली,
टोपण लावलं.

बाकीचं उद्या.