काठाशी

पवनीला आमच्या आळीत आता तीनच भाते उरले,
त्यातला एक बाबाचा.
पितळेचं त्याला सगळं कळतं:
कोणत्या लालीवर घण थांबवायचा,
कल्हई उडालेल्या गंजात ताक ठेवलं
तर किती वेळात कळकतं.

म्हणून दर सोमवारी नागपूरला
मायच्या हाताला सलाइन लागली
की चष्मा कपाळावर सारून तो चिठ्ठी वाचतो.
प्लॅटिनम.
"हे त सोनाराकडचं. किती टाकता एका बाटलीत?"
सिस्टर म्हणाली, साठ मिलिग्रॅम.
त्यानं बोटांची चिमूट केली, मग सैल केली.
एवढं तर कानशीला चिकटून जातं.

याला अ‍ॅल्युमिनियमची सुई चालत नाही, ती म्हणाली.
"जमत नसंल त्याईचं,"
भाऊबंदकीबद्दल बोलावं तसं बाबा बोलला.

मी लॅबमध्ये तांब्याच्या एका अणूभोवती
नायट्रोजनचे चार हात बांधते.
निळं येतं, मोरचुदाहून गर्द.
काचेच्या बशीत पेशी मरतात,
वाईट आणि शेजारच्या चांगल्याही.
सर म्हणतात, आशादायक.
मी वहीत लिहिते, आशादायक.
खाली लिहिते, पाण्यात विरघळत नाही.

"तांब्याचं जमते का वं? तांबं आपलं आहे."
अजून उंदरापर्यंतही गेलं नाही, बाबा.
"अन् उंदरानंतर?"
मी वर्षं सांगितली.
तो भात्यापाशी जाऊन बसला.

चौथ्या सोमवारनंतर माय म्हणाली,
तोंडात कळकल्या ताकाची चव आहे.
बाबानं घरातली सारी भांडी अंगणात काढली.
नवसागराचा धूर, कथील, कापसाचा बोळा,
दिवेलागणीपर्यंत.
स्टीलचा पेलाही हातात घेतला,
उलटसुलट पाहिला, ठेवून दिला.
चांदीसारख्या गंजातून माय दोन घोट प्याली.
"गेली चव," म्हणाली.
खोटं बोलली.

पाचव्या सोमवारी कान वाजू लागले.
डॉक्टरांनी लिहून घेतलं.
रात्री आळी निजलेली, तिन्ही भाते थंड,
माय उठून बसली:
"कोण ठोकून रायलं एवढ्या रात्री?"

घणानं बाबाचा डावा कान कधीच नेला.
तो उजवा कान पुढे करून
तिच्या डोक्याजवळ वाकला.
"तांब्याचा आवाज आहे का पितळेचा?"

तिनं बराच वेळ ऐकलं.
"पत्रा पातळ आहे," ती म्हणाली.
"काठाशी आला दिसते."