यादीबाहेरची पाहुणी

केमीच्या लाकूड-गिरणीत नवा सर्व्हर आला,
सोबत यादी : कोणती पाहुणी चालेल, कोणती नाही.
आउनेने बोट खाली खाली नेलं.
वजनकाट्याची ती जुनी सिस्टीम
यादीत नव्हती. नकारांतसुद्धा नव्हती.

रात्री दोनला तिने तिला उचललं,
होती तशी, डिस्कसकट.
निळा पडदा. पुन्हा निळा पडदा.
मग आउने शांतपणे खोटं बोलायला बसली :
ही बघ तुझी जुनी डिस्क,
हे तुझं नेटवर्क कार्ड
(ते बनवणारी कंपनी कधीच बुडाली),
प्रोसेसर एकच आहे गं इथे.
बाकीचे एकतीस तिने झाकून ठेवले.
पाहुणीला घर ओळखीचं वाटावं,
एवढ्यापुरतं.

पट्टी सरकली.
लॉगिनच्या चौकटीत नाव आलं : वेइक्को.
ज्याने हे सगळं लिहिलं, आणि मागच्या हिवाळ्यात जो गेला.
पासवर्ड, त्याच्या होडीचं नाव.

घड्याळ मात्र अकरा मिनिटं मागे.
सुधारायला एक ओळ पुरे होती.
आउने म्हणाली, राहू दे,
कॉफी होईपर्यंत.

बाहेर पहिला ट्रक काट्यावर चढला,
ओंडक्यांवर वीतभर बर्फ.
आकडा बरोबर आला,
बर्फ धरून.