उजव्या डोळ्याची तारीख

ओव्हार गावातल्या जुन्या दवाखान्याचा जिना.
भिंतभर निळं गलबत, निळे मासे,
एक निळा संत, ज्याचं नाव सिस्टरनाही ठाऊक नाही,
आणि मधेमधे पडलेल्या दातांसारख्या खिडक्या:
एक्केचाळीस टाइल्स गहाळ.

त्या अदेलिनुने भरल्या.
मी तेव्हा त्याच्या हाताखाली माती मळायचे.
जुन्यासारखा कोबाल्ट परवडेना, म्हणून तीन निळ्यांचं मिश्रण.
सव्वीस तुकडे भाजले.
सव्विसावा जुन्या टाइलला खेटून धरत म्हणाला,
"दाखव बघू सांधा."

मला दिसत होता.
निळीच्या पाण्यात बिटाचा एक थेंब पडावा
तेवढी जांभळट होती नवी.
मी तसं म्हटलंही.

त्याने रंगमापक लावला. फरक नगण्य.
यंत्राला कुठले डोळे!
त्याच्या पोटात शंभर वर्षांपूर्वीच्या सतराजणांची सरासरी,
अंधाऱ्या खोलीत उजेडाशी उजेड जुळवत बसलेल्यांची.
त्यांत माझी आई नव्हती. अदेलिनुचे वडील नव्हते.
तरी दोन विरुद्ध एक झालं
आणि मी माती मळायला लागले.

नऊ वर्षांनी त्याच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला.
उजव्याची तारीख पुढच्या महिन्यातली.
पट्टी सुटली त्याच दुपारी मला घेऊन जिन्यावर आला,
धापा टाकत, कठड्याला धरून.
तळहाताने डावा डोळा झाकला. बराच वेळ.
मग उजवा झाकला.
मग पुन्हा डावा.

"याने भिंत सलग आहे," तो म्हणाला.
"आणि याने..."
बोट पुढे करून मोजू लागला.
एकोणचाळीसवर अडला.

"एक शेपटीपाशी. एक संताच्या बाहीवर."

"पाठ केल्यास?"

पाठ कशाला करू, अदेलिनु?
मी रोज इथून जाते.

वरून लुर्देस बादली घेऊन उतरली,
आमच्या नजरेच्या रेषेत पाहिलं,
"काय हरवलंय? सगळं निळंच तर आहे,"
आणि पायऱ्या पुसत खाली गेली.

हिवाळ्यात नवा घाणा मी लावला.
माझ्या डोळ्याला जुळेपर्यंत,
एकतीस तुकडे.
एकतिसावा त्याच्यासमोर ठेवला,
भट्टीतून काढलेला, अजून कोमट.
तो डाव्याने पाहत राहिला, जीभ गालात घालून,
आंबट ताक चाखावं तसा.

"हिरवट आहे गं."

"नाही."

"आहे."

रंगमापक टेबलावरच होता.
कुणी हात लावला नाही.

टाइल्स मी बसवल्या. माझ्याच.
उजव्या डोळ्याची तारीख त्याने पुढे ढकलली,
मग आणखी एकदा.
डॉक्टरांचा फोन आला की म्हणतो, सध्या काम आहे.
आणि रविवारी दवाखाना बंद व्हायच्या आधी
जिन्यावर दिसतो कधीकधी,
डाव्यावर तळहात ठेवून.