हातचा

ग्रोनिंगेनमध्ये, कालव्याला लागून,
सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या.
एकीत वीबे कंपायलर लिहायचा,
दुसरीत मी खोकी भरायचे:
दोन फ्लॉपी, कड्यांची जाड माहितीपुस्तिका,
आणि ती प्लास्टिकची काळी चावी,
मशीनच्या पाठीला खोचल्याशिवाय
पहिला पडदासुद्धा उघडायचा नाही.
किंमत दोनशे एकोणपन्नास गिल्डर.
पन्नास का नाही, मी विचारलं होतं.
पन्नास म्हटलं की लोक मोजायला लागतात, म्हणाला.

चारशे खोकी गेली.
मग लोकांनी मशीनच बदलली,
आणि तिसऱ्या हिवाळ्यात कालवा गोठला, तसा फोनही.
उरली एकशे बारा.
घरमालक मेंडेल्ट एक घेऊन गेला,
दाराला अडसर म्हणून.

एका रात्री वीबेने चावीची तपासणी काढून टाकली.
अकरा ओळी.
लिहायला दीड महिना लागला होता,
पुसून झाल्या तेव्हा माझी कॉफी गाळून व्हायची होती.
त्या पडद्यावर आता काय लिहायचं
यावर मात्र पहाट झाली.
'कृपया' नको, भिकेचा वास येतो, तो म्हणाला.
'अन्यथा' नको, पोलिसाचा येतो, मी म्हणाले.
शेवटी राहिलं ते इतकंच:
वापरून पाहा. कामी आलं तर पंचवीस गिल्डर पाठवा.
नाही आलं तर पुढच्याला द्या.

परसातल्या नाशपातींचा वानोळा
शेजारच्या पायरीवर ठेवून यावा, घंटी न वाजवता,
तशा सोडल्या फ्लॉपी.

सात महिन्यांत नऊ पाकिटं.
उत्रेख्टच्या एका दंतवैद्याचे पंचवीस, कोऱ्या नोटांत.
कुणाची एक नोट, जी इथली कुठलीच बँक बदलून देईना.
एकात नुसतीच माफी.
आणि तार्तूहून, चौकडीच्या वहीचा फाडलेला कागद,
खाली सही: मारेट उइबो, इयत्ता अकरावी.
पैसे नाहीत, लिहिलं होतं.
पण तीन मितींच्या तक्त्यात बेरीज करताना
सोळावा बिट भरून सांडला
की तुमचा हातचा हरवतो.
खाली पेन्सिलने सगळी मांडणी,
हातचा एक, दोनदा गिरवलेला.

चारशे जणांनी पुरती किंमत मोजली होती.
एकानेही सांगितलं नव्हतं.
एवढं महाग ते चुकेल कसं,
आपलंच गणित कच्चं, असं वाटलं असेल त्यांना.

वीबे कागद धरून खिडकीशी उभा, कितीतरी वेळ.
मग हसायलाच लागला.
सहा वर्षं, म्हणाला,
सहा वर्षं आपण लोकांचा हातचा गिळत होतो, हिल्ये,
आणि वर कुलूप लावून!

दुरुस्त फ्लॉपी मी पाठवली तिला,
टपाल पडलं तिच्या किमतीहून जास्त.
खोकं नवंच काढलं, पुस्तिका घातली,
आणि हाताच्या सवयीने चावीही.

मे महिन्यात उत्तर आलं.
बेरीज जमते आता.
ही चावी कशाची आहे?